कोर्लईकरांचे मूळ आणि आपले लेखन

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात, कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, रेवदंड्याच्या समोरच्या तीरावर कोर्लई हे गाव आहे. समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड, तिच्यावर जुना किल्ला, पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आणि कार्मेल मातेचे चर्च असे या गावाचे रूप. या वस्तीत एक हजाराच्या आतबाहेर माणसे जी भाषा बोलतात तिला ती स्वतः 'नॉ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज, वाक्य मात्र मराठी वळणाचे. एवढ्या लहानशा समाजाविषयी गेल्या काही दशकांत मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून, पर्यटनाच्या पुस्तिकांतून आणि आपल्या समाजाच्या नियतकालिकांतूनही पुष्कळ लिहिले गेले. त्यांतील बहुतेक लेखांचे पहिले वाक्य जणू एकाच साच्यातून निघाल्यासारखे असते : पोर्तुगीज गेले, परंतु त्यांचे वंशज येथे राहिले.

या एका वाक्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वरवर पाहता ते निरुपद्रवी वाटते. पण एखाद्या समाजाचे रक्त कोणाचे, हे ठरविण्याचा अधिकार लेखक येथे सहज हाती घेतो आणि त्यासाठी पुरावा म्हणून भाषा पुढे करतो. हा पुरावा कितपत टिकतो? आणि तो टिकत नसेल, तर असे वाक्य लिहिण्याची ओढ आपल्याला का वाटते? दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर कोर्लईत नाही, आपल्यात आहे.

प्रथम इतिहासाची चौकट. चौल बंदराशी पोर्तुगिजांचा संबंध सोळाव्या शतकाच्या आरंभीचा. १५०८ साली चौलच्या आरमारी लढाईत पहिल्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने त्यांनी तेथे ठाणे उभारले. समोरचा कोर्लईचा डोंगर मात्र निजामशाहीकडे होता. तो १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी जिंकला. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि पुढील वर्षी, १७४० मध्ये, तहान्वये चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाले. म्हणजे सुमारे सव्वादोनशे वर्षांचा सहवास आणि त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षांचा विरह. सत्ता गेल्यावर पोर्तुगीज भाषेचा दुवा उरला तो जवळजवळ धर्मगुरूंपुरताच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत आली आणि तोही दुवा सुटला.

सव्वादोनशे वर्षांच्या या सहवासात तेथे कोण कोण राहत होते? यासंबंधी पोर्तुगीज कागदपत्रे मुकी नाहीत, परंतु ती ज्याच्यासाठी लिहिली गेली त्याच्याच गरजेपुरती बोलतात. गोव्याच्या दफ्तराचा रखवालदार आणि बखरकार अंतोनियु बोकारु याने १६३५ साली पूर्वेकडील पोर्तुगीज गढ्यांचे जे सविस्तर वर्णन तयार केले, त्यात ठाण्याठाण्यांवरील कुटुंबवत्सल पुरुषांची गणती आहे. ही गणती तो 'गोरे' आणि 'काळे' अशा दोन रकान्यांत करतो. गोरे म्हणजे पोर्तुगीज, आणि काळे म्हणजे एतद्देशीय ख्रिस्ती. त्यांच्याबरोबर हत्यार धरू शकणारे गुलाम. हा सैन्याचा ताळेबंद आहे, समाजाचे चित्र नव्हे. त्या घरांत चूल कोण पेटवीत होते, मुलांशी कोण बोलत होते, हे त्यात असण्याचे कारणच नव्हते. गोऱ्या रकान्यातसुद्धा पोटभेद होते. पोर्तुगालात जन्मलेला वेगळा, हिंदुस्थानात पोर्तुगीज आईबापांच्या पोटी जन्मलेला त्याच्या खालचा, आणि मिश्र संततीचा त्याच्याही खालचा. जातिव्यवस्थेला नावे ठेवणाऱ्या सत्तेने आपली स्वतःची एक उतरंड उभी केली होती, हे सहसा आपल्या लेखनात येत नाही.

पोर्तुगालहून येणाऱ्या स्त्रिया अगदीच थोड्या. आफोन्सु द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आपल्या शिपायांना एतद्देशीय स्त्रियांशी लग्ने करण्यास उत्तेजन दिले, ते याच कारणाने. पुढे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आणलेले दास आणि दासी यांचीही घरांत भर पडली. कोर्लईच्या त्याच तालुक्यात जंजिरा आहे, तेथे आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनी पिढ्यान्‌पिढ्या राज्य केले. या किनाऱ्यावर आफ्रिकी माणूस काही अपवादात्मक नव्हता. तेव्हा 'पोर्तुगीज वंशज' हे दोन शब्द लिहिताना आपण किमान तीन खंडांतील माणसांपैकी एकाच खंडातील पुरुषांची निवड करतो आणि बाकीच्यांना घराबाहेर उभे करतो.

आता भाषेच्या पुराव्याकडे वळू. या विषयावरील सर्वांत भक्कम ग्रंथ म्हणजे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा 'द जेनेसिस ऑफ अ लँग्वेज' हा १९९६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. कोर्लईच्या भाषेची घडण हा त्याचा विषय. ग्रंथ तांत्रिक आहे, सर्वसामान्य वाचकाने सहज हाती घ्यावा असा नाही. तरीही त्यातील दोनतीन निरीक्षणे इतकी सुंदर आहेत की ती आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावीत असे मनापासून वाटते.

पोर्तुगीज वाक्यात क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या भाषेत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस जाऊन बसते. मराठीत 'मी झाड पाहिले' पण 'मी मुलाला पाहिले' असे आपण म्हणतो, सजीव कर्माला 'ला' लावतो. कोर्लईतही सजीव कर्मासाठी स्वतंत्र खूण आहे. तिसरी गोष्ट मला विशेष बोलकी वाटते. पोर्तुगीजमधून आलेली क्रियापदे तीन गटांत पडतात, त्यांचे अंत्य स्वर आ, ए आणि ई. या तिन्हींच्या पलीकडे कोर्लईकरांनी 'ऊ'कारान्त क्रियापदांचा चौथा गट निर्माण केला आणि मराठीतून घेतलेली क्रियापदे त्यात घातली. आपले 'लोटणे' तेथे 'लोतू' होऊन नांदते. पाहुण्यासाठी घराला एक नवी खोली काढावी तसे हे झाले. फरक एवढाच की या घरात पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे सांगणे कठीण.

क्लेमेंट्स यांनी या भाषेच्या टिकण्याचे कारणही शोधले आहे. धर्माने हे लोक हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांपासून वेगळे आणि जातीने उच्चवर्णीयांपासून दूर. या दुहेरी कुंपणामुळे त्यांची लग्ने आपसांत होत राहिली आणि भाषा पिढीमागून पिढी उतरत गेली. त्यांच्या मते या समाजाच्या घडणीत धर्मान्तरित, बव्हंशी खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील एतद्देशीयांचा वाटा मोठा आहे. म्हणजे जी भाषा आपण पोर्तुगीज रक्ताची साक्ष म्हणून मिरवतो, ती टिकली ती येथल्याच जातिभेदाने उभारलेल्या भिंतीआड. आपल्या रविवारच्या लेखांत ही गोष्ट क्वचितच येते, आणि ती का येत नाही हे समजणे अवघड नाही.

या ग्रंथात मला जाणवलेली उणीवही सांगितली पाहिजे. त्यात कोर्लईची माणसे 'भाषिक' म्हणून येतात, भाविक म्हणून क्वचित. श्रद्धा ही तेथे कुंपणाच्या रूपाने आहे. तिच्यामुळे काय अडले ते दिसते, तिने काय दिले ते फारसे दिसत नाही. ज्या समाजाने सत्ता गेल्यावर, आश्रय सुटल्यावर, अडीचशेहून अधिक वर्षे आपली प्रार्थना सोडली नाही, त्याच्या प्रार्थनेला केवळ सामाजिक अलगपणाचे साधन मानणे अपुरे आहे. अर्थात भाषाशास्त्रज्ञाकडून धर्मचिंतनाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ते काम आपले होते. आपण ते केले नाही.

भाषेवरून रक्त ठरवू पाहणाऱ्या लेखकांना एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला ज्याची आपण वाट पाहतो तो 'पगार' पोर्तुगीज आहे. 'चावी' पोर्तुगीज आहे, 'बटाटा', 'बादली' आणि गवंड्याचे 'घमेले'ही. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गादु (१८५५–१९२२) या गोमंतकीय धर्मगुरूने अशा शब्दांचा आशियाभर मागोवा घेणारा कोश १९१३ साली प्रसिद्ध केला. घमेले उचलणाऱ्या गवंड्याला कोणी पोर्तुगीज वंशज म्हणत नाही. शब्द उसने मिळतात, व्याकरण सहवासाने मुरते. रक्ताची वाट या दोहोंहून निराळी आहे. आणि हा न्याय दोन्ही बाजूंनी लावला पाहिजे. वाक्यरचना मराठी वळणाची आहे म्हणून हे लोक 'शुद्ध मराठी' आहेत असे छातीठोकपणे सांगणाराही तीच चूक करतो. भाषा सांगते ती एवढेच की या घरांत पोर्तुगीज ऐकू येत होती आणि मराठी किंवा तिच्यासारखी भाषा बोलणारी माणसे मुलांना वाढवीत होती. एवढे पुष्कळ आहे. त्याहून अधिक तिच्याकडून वदवून घेऊ नये.

दाल्गादुंचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट नमूद करतो, कारण ती वसई, साष्टी आणि मुंबईच्या वाचकांशी थेट संबंध ठेवते. १९०६ साली त्यांनी 'उत्तरेकडील' हिंदी-पोर्तुगीज बोलीवर दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. ही उत्तर म्हणजे गोव्याच्या उत्तरेची, म्हणजे आपलीच. मुंबई आणि तिच्या उपनगरांतील ख्रिस्ती घरांतून कोर्लईच्या बोलीची भावंडे त्या काळी बोलली जात होती. ती मालवली. कोर्लईची वाचली, कारण ती रस्त्यापासून दूर होती. तेव्हा कोर्लईकडे एखाद्या विचित्र शिल्लक वस्तूसारखे पाहणाऱ्या आपल्या लेखकांनी हे ध्यानात घ्यावे की ते आपल्याच घरातील विसरलेल्या खोलीकडे पाहत आहेत.

येथून मूळ शोधण्याच्या ओढीकडे येतो. आपल्या धर्मग्रामांच्या शताब्दी, द्विशताब्दी, चतुःशताब्दी निघतात आणि प्रत्येक प्रसंगी स्मरणिका निघते. स्मरणिकेत मान्यवरांचे संदेश, जाहिराती, धर्मगुरूंच्या नामावली आणि पहिला लेख 'आपले मूळ'. हे लेख मी आस्थेने वाचत आलो आहे. त्यांतील कष्ट खरे असतात, हे आधी सांगतो. परंतु त्यांचे दोन ठरलेले रस्ते आहेत. पहिला रस्ता पोर्तुगीज सरदारापर्यंत जातो, दुसरा ब्राह्मण किंवा क्षत्रिय पूर्वजापर्यंत. सामवेदी परंपरा, सोमवंशी क्षत्रिय परंपरा, बिंब राजाबरोबर आलेली कुळे, आणि त्यासाठी इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादिलेल्या 'महिकावतीच्या बखरी'चा आधार. यांतील काही गोष्टींना आधार आहे, काहींना परंपरेचे बळ आहे आणि काही केवळ इच्छा आहेत. माझी तक्रार त्यांच्या खरेखोटेपणाविषयी नाही. माझी तक्रार आहे ती या रस्त्यांच्या दिशेविषयी. दोन्ही वर चढतात. एकही लेख कोळ्याच्या होडीपाशी, भंडाऱ्याच्या माडापाशी, मिठागरातल्या मजुरापाशी किंवा मोझांबिकहून आणलेल्या दासीपाशी जाऊन थांबत नाही. एवढ्या लोकसंख्येचे सगळेच पूर्वज वरच्या पायरीवर कसे उभे राहिले असतील, हा साधा हिशेबाचा प्रश्न आहे.

नावांचाही असाच खेळ आहे. मुंबई परिसरातील या ख्रिस्ती समाजाला एकोणिसाव्या शतकात 'पोर्तुगीज' म्हणत. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांशी नोकऱ्यांची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आपले येथले मूळपण दाखविण्याची निकड भासली, आणि १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाले. तेव्हापासून 'पोर्तुगीज' मागे पडले आणि 'ईस्ट इंडियन' पुढे आले. रक्तात एका थेंबाचाही फरक पडला नव्हता. आडनावांचेही तेच. डिमेलो, लोपीस, आल्मेडा, रॉड्रिग्ज, परेरा ही नावे स्नानसंस्काराच्या कुंडापाशी मिळालेली आहेत. धर्मपित्याचे, क्वचित संस्कार देणाऱ्या धर्मगुरूचे नाव कुटुंबाने घेतले. वंशवृक्ष म्हणून ती वाचणे म्हणजे छत्रीवरील दुकानाचे नाव पाहून पाऊस कोठून आला ते सांगण्यासारखे आहे.

वंशावळ कशी लिहावी याचा एक नमुना आपल्या हाताशी आहे, आणि आपण तो दर वर्षी नाताळपूर्वी मिस्सेत ऐकतो, बहुधा कंटाळून. संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय. बापांची नावे एकामागून एक येत राहतात आणि मध्येच लेखक चार स्त्रियांना आत आणतो. तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. राहाब ही कनानी, यरीहोतील वेश्या. रूथ ही मवाबी, आणि मवाब्याने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असा अनुवादाच्या ग्रंथात स्पष्ट निर्बंध. दावीद राजाची पणजी परकी होती, हे मत्तयला लपविता आले असते. वंशावळीच्या रीतीप्रमाणे स्त्रियांची नावे देण्याची त्याला गरजही नव्हती. टीकाकार म्हणून मला त्याच्या या निवडीचे मोल फार वाटते. ज्या ठिकाणी वाचक भरजरी पूर्वजांची अपेक्षा करतो, नेमक्या त्याच ठिकाणी तो जोड दिलेले ठिगळ दाखवतो. आपल्या स्मरणिकांचे लेखक हा अध्याय पाठ म्हणून दाखवतील, पण त्याची रीत त्यांनी घेतलेली नाही.

खालच्या मानलेल्या पूर्वजाचे नाव घेण्यात आपल्याकडे खरोखरच नुकसान होते, हे मी नाकारीत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधव त्यांत आले. ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे ख्रिस्ती माणसाने आपली दलित मुळे उघड केली तर कायदा त्याला अनुसूचित जातींच्या सवलती देत नाही, आणि लग्नाच्या बोलण्यात मात्र ती नोंद त्याच्याविरुद्ध जाते. होय, आपल्यातही. वधूवरांच्या चौकशीत 'घराणे कोणते' हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, तो सूर कोणत्याही धर्मगुरूच्या कानाला परिचित आहे. अशा परिस्थितीत एखाद्या कोर्लईकराने 'आम्ही पोर्तुगीज' असे सांगितले, तर त्याला इतिहासाचे अज्ञान म्हणून हसू नये. त्याने उपलब्ध नावांतून त्यातल्या त्यात कमी दुखणारे नाव निवडले. दोष आहे तो त्याची ही निवड जशीच्या तशी उचलून छापणाऱ्या लेखकाचा, कारण लेखकाला तशी सक्ती नव्हती.

जुन्या पिढीतील लेखकांविषयी एक शब्द. डॉ. जोसे जेर्सन द कुन्या यांचा चौल आणि वसईच्या इतिहासावरील १८७६ सालचा इंग्रजी ग्रंथ अजूनही अभ्यासकांना लागतो. शिलालेख, चर्चचे अवशेष, वेढे, कप्तान यांची त्यातील माहिती मोलाची आहे. परंतु त्याचे लक्ष दगडांकडे आहे. पडक्या भिंतींविषयी हळहळणारा त्याचा सूर पुढच्या पन्नास लेखकांनी घेतला. रेवदंड्याच्या तटाआतील पडक्या मठांपाशी उभे राहून उसासा टाकणे सोपे असते. खाडीपलीकडे जिवंत माणसे मासळी वाळवीत 'नॉ लिंग' बोलत असतात, त्यांच्यापर्यंत जायला खाडी ओलांडावी लागते. खाडी ओलांडून गेलेले बहुतेक परदेशी अभ्यासक होते, ही आपल्या साहित्यविश्वाला शोभणारी गोष्ट नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी १६१६ साली मराठीत 'ख्रिस्तपुराण' छापवितो, आणि त्याला आपण मराठीचा कवी म्हणून अभिमानाने आपला मानतो. तेथे रक्ताचा प्रश्न आपल्या मनालाही शिवत नाही. कोर्लईकराच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न पहिला.

कोर्लईची मुले मराठी शाळेत शिकतात, मराठीत उपासना करतात, पुढे अलिबाग-मुंबईकडे नोकरीला जातात. त्यांच्यातील कोणी आपल्या गावाविषयी मराठीत पुस्तक लिहील, अशी आशा धरायला हरकत नाही. ते पुस्तक लिहिताना त्याला किल्ल्याच्या दगडांइतकाच उपयोग होईल तो नोंदवह्यांचा. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये विवाहाच्या नोंदी ठेवणे धर्मग्रामांना बंधनकारक केले, स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहावयास सांगितले. आजच्या धर्मविधीसंहितेचे ८७७ वे कलमही बालकाचे, आईबापांचे, धर्ममातापित्यांचे नाव, जन्म व संस्कार यांचे स्थळ आणि दिनांक मागते. अशा वह्या वाचताना वाचकाचे बोट सवयीने बापाच्या आडनावावर जाते. त्याऐवजी आईच्या रकान्यातून खाली उतरत जावे. तेथे कित्येकदा केवळ एक ख्रिस्ती नाव असते, मारिया किंवा आना. माहेरचे आडनाव नाही, गाव नाही. धर्ममातेच्या रकान्यात तेच नाव पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या घरांतील बाळांसाठी आलेले दिसते. ती घरे कागदावर एकमेकांना जोडून पाहिली, तर वस्तीचा एक नकाशा तयार होईल. असे काम वसईच्या एखाद्या जुन्या धर्मग्रामातही सुरू करता येईल. तेथील वह्यांची पाने दमट हवेने आताच कडांना विरू लागली आहेत.